व्याह्यांचा पाच मिनिटांचा नाश्ता

दुसऱ्याच्या नातीच्या पोटात शिरून तिला कायमची आपलीशी कशी करावी, हे आमच्या व्याह्यांकडून शिकावं. हे मी कौतुकानं म्हणत नाही, संतापानं म्हणते आहे. इरा त्यांचीही नात आहे हे मला मान्य आहे, पण ती आधी माझ्या मुलीची मुलगी आहे. त्या चार वर्षांच्या पोरीला त्यांनी निव्वळ धिरड्यांच्या जोरावर फितवलं, आणि मुलीच्या सासऱ्यांना काही बोलायची सोय नसल्यामुळे मी दोन वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन केला.

व्याही शहराच्या एका टोकाला छावणीत राहतात, आम्ही दुसऱ्या टोकाला सिडकोत. मुलगी आणि जावई सकाळी सातच्या बसनं बिडकीनकडे कामाला जातात, त्यामुळे इराला उठवून, खाऊ घालून बालवाडीत पोहोचवायचं काम व्याह्यांकडे आलं. निवृत्त होण्याआधी ते वाळूजच्या एका कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करत. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा थोडा मोठा ठेवावा लागतो म्हणे. हे ज्ञान त्यांनी थेट मुगाच्या धिरड्याला लावलं. "इहीणबाई, हत्तीचे कान जरा मोठेच काढायचे. तव्यावर आकसतेत," असं ते मला कुणाच्या तरी भर बारशात, चार पाहुण्यांसमोर सांगत होते, जणू हत्तीचे कान ही माझीही रोजची अडचण. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी हत्ती, मासा, ट्रक, चांदणी असे वीस-बावीस साचे केले आहेत. प्रत्येकाचं रेखाचित्र जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, मापांसकट. तव्यावरून उतरलेला हत्ती आधी पट्टीनं मोजला जातो. सोंड वाकडी निघाली की तो 'रिजेक्ट'. शाळेत मी सत्तावीस वर्षं भूमिती शिकवली, पण नाश्त्याची लांबी मोजताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'सोपं'. "लई सोपं हाय, पाच मिन्टात होतंय." ही पाच मिनिटं मी एकदा स्वतः पाहिली आहेत. सकाळी साडेसहाला सुरू झाली आणि साडेआठला संपली. त्या काळात ओट्यावर अकरा वाट्या, तीन झारे, एक कात्री आणि कानस होती. कानस कशाला, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. विहीणबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या वेळी देवळात असतात. त्या फार भाविक आहेत असं मला आधी वाटायचं. आता कारण कळलं आहे.

बरं, करतात ते करतात, त्याला नावं काय ठेवावीत? फोडणीच्या पोळीला आमच्या घरी फोडणीची पोळी म्हणतात. व्याह्यांकडे ती 'चिमणीचं घरटं' होते, मध्ये उकडलेलं अंडं ठेवलं की झालं. केळ्याच्या चकत्यांवर दाण्याचा कूट भुरभुरला की 'रुपये'. ज्वारीच्या लाह्या दह्यात टाकल्या की 'गारपीट'. गारपिटीची थट्टा करू नये, आमच्या भागात माणसं रडली आहेत तिच्यापायी, हे मी एकदा म्हणून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "म्हणून तर म्हन्लं, एक तरी गारपीट पोटात जाऊ द्या."

आणि रोज सकाळी नऊ वाजता घरच्या ग्रुपवर फोटो. आधी भरलेली ताटली, मग रिकामी ताटली, खाली ओळ: 'आजचा माल खपला.' त्यावर सगळे नातेवाईक अंगठे दाखवतात. मलाही दाखवावा लागतो. वरपक्षाच्या रिकाम्या ताटलीला अंगठा दाखवला नाही तर लोक काय म्हणतील?

या उन्हाळ्यात मात्र माझी पाळी आली. इरा पहिल्यांदाच एकटी आठ दिवस आजोळी राहायला आली. मुलगी निघताना म्हणाली, "आई, खाईना झाली तर सांग, मी लगेच घेऊन जाते." हे वाक्य माझ्या काळजात रुतलं. आजोळाहून पोर उपाशी परत गेली, तर पुढच्या वर्षी तिला कोण पाठवणार?

पहिल्या दिवशी मी उपमा केला. इरानं विचारलं, "हा कोण आहे?" मी म्हटलं, "हा कोणी नाही. हा उपमा आहे." तिनं खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी थालीपीठ तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी आमचे हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "एकदा हत्ती करून बघ." पस्तीस वर्षांच्या संसारात मला इतका राग कधी आला नव्हता. तरीही मी तो केला, कारण पोर दुधावर होती. इरा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आजी, हा मेलाय का?" त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला, खातेय का नीट, तेव्हा मी सरळ खोटं बोलले. "खाते की," म्हटलं, आणि फोन ठेवून रडले.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला दारात स्कूटर थांबली. ह्यांनी गुपचूप फोन करून फितुरी केली होती. व्याही हातात पिशवी घेऊन उभे, पिशवीत पत्रे खुळखुळत होते. "जवळूनच चाललो होतो," म्हणाले. छावणीहून सकाळी साडेसातला सिडकोजवळून कोण जातं? पण व्याही दारात आल्यावर या बसा म्हणावंच लागतं. त्यांनी थेट ओट्याचा ताबा घेतला. माझं पीठ, माझा तवा, आणि त्यावर त्यांचा हत्ती, मासा आणि चांदणी. अवघ्या चाळीस मिनिटांत ताटली इरासमोर आली.

इरानं हत्ती घेतला, पाहिला आणि परत ठेवला.

खरं सांगते, क्षणभर मला आनंद झाला. व्याह्यांचा चेहरा पडला. सोंड पुन्हा मोजावी की काय अशा नजरेनं ते ताटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी इराकडे पाहिलं. ती टेबलाशी बसलीच नव्हती. ओट्याला पाठ टेकून माझ्याशेजारी उभी होती, माझ्यासारखेच हात बांधून.

"इहीणबाई, तुमी बसा की," ते म्हणाले.

"छे, तुम्ही आधी. व्याह्यांचं झाल्याशिवाय मुलीकडच्यांनी बसायचं नसतं."

"लग्नाला सात वर्सं झाली, अजून मानपानच चाललाय व्हय? पोरगी तुमच्याकडं बघतीय."

मी इराला विचारलं, "का गं खात नाहीस?"

"आजोबा माझ्याबरोबर खातात. चांगला हत्ती मला, वाकडा त्यांना," ती म्हणाली. "तू खातच नाहीस. तू नुसती बघतेस."

आमच्याकडे बाई सगळ्यांना गरम वाढते, आणि मग ओट्याशी उभ्यानं उरलेलं खाते. त्याला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं. सकाळची शाळा असताना तर एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात पोळीची गुंडाळी, असंच माझं आयुष्य गेलं. तेव्हा चार वर्षांच्या पोरीनं जाब विचारावा, याचा मला रागच आला. व्याह्यांनी खुर्ची ओढली. मी बसले. त्यांनी साचा न लावता दोन साधी गोल धिरडी टाकली, एक इराला, एक मला. माझ्याच स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणी तरी तव्यावरून थेट माझ्या ताटलीत वाढावं, हे किती वर्षांनी घडत होतं, आठवेना. इरानं माझा घास जाईपर्यंत वाट पाहिली. मग तिनं खाल्लं, आणि आणखी एक मागितलं.

व्याही पत्र्याचा हत्ती हातात उलटासुलटा करत उभे होते. "साच्याची गरज नाय पडली," ते हळूच म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि मी त्यांना बसवून, आग्रह करकरून, तो थंड झालेला हत्ती त्यांच्याबरोबर अर्धा खाल्ला. चांगला होता. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. या वेळी खोटं बोलावं लागलं नाही. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, तू लहान असताना मी कधी तुझ्याबरोबर बसून नाश्ता केला होता का?"

"नाही आई," ती म्हणाली. "मला तर मोठी होईपर्यंत वाटायचं, तुला नाश्ता आवडतच नाही."

मला मुगाचं धिरडं फार आवडतं, लसणाच्या चटणीबरोबर, हे मी माझ्या चौतीस वर्षांच्या मुलीला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.