हातभर वरची रेघ

मी निघाले त्या दिवशी सकाळी आबांनी माझ्या बॅगेवर पत्ता रंगवला. आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाला ऑइलपेंट वाळायला दिवस लागतो हे मी शिकवणं बरं दिसलं नसतं, म्हणून गप्प बसले. कोल्हापूरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बॅग चढवताना व्हायचं तेच झालं. 'सुजाता, नदीकाठची वस्ती' यातली 'वस्ती'ची वेलांटी माझ्या नव्या कुर्त्यावर उमटली, लालभडक. मी चिडले. विमानात असली बॅग कोण नेतं, लोक हसतील, असं बरंच बोलले. आबा रुमालानं माझी बाही पुसत म्हणाले, "हसूंदेत की. जगात कुठंबी हरवली तरी फिरून हितंच येणार."

आई स्टँडवर आलीच नाही. "मी रडलो तर तू जाणार न्हाईस," एवढंच म्हणाली. (आमच्याकडे बायकाही 'आलो-गेलो'च म्हणतात.) शेजारची हौसाक्का मात्र वस्तीच्या टोकापर्यंत आली. आईची तीस वर्षांपासूनची मैत्रीण, माझ्या बारशाला पाळण्याची दोरी तिच्याच हातात होती. तिनं भडंगाची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "मोठी सायबीण हो, आणि आमचं कायतरी बघ."

मी बघितलं. काय बघितलं ते लिहिते आहे. जे मागे राहिले त्यांना यातलं सगळं माहीत आहे, त्यांनी वाचलं नाही तरी चालेल. पण माझ्यासारखे जे शिकायला बाहेर गेले, ज्यांनी प्रवेशाच्या अर्जात 'परत जाऊन माझ्या माणसांसाठी काम करायचं आहे' असं लिहिलं आणि तेवढ्यावर स्कॉलरशिप मिळवली, त्यांनी जरूर वाचावं.

मी नेदरलँड्सला लँडस्केप आर्किटेक्चर आणि कम्युनिटी प्लॅनिंग शिकायला गेले. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत क्लासच्या जिन्यात बसून इंग्रजी शब्द पाठ केले होते, ते तिथे पहिल्या आठवड्यातच संपले. लँडस्केप म्हणजे बागा लावणं, असं आमच्या वस्तीला शेवटपर्यंत वाटत होतं. मी प्रत्येक फोनवर समजावायची की तसं नाही, त्यात नदी येते, पूर येतो, माणसं येतात. शेवटी त्यांचंच खरं ठरलं.

तिथल्या प्राध्यापिका मारिका. सगळे त्यांना नुसतं मारिका म्हणायचे, माझ्या तोंडून शेवटपर्यंत 'मॅडम'च निघालं. त्या सांगायच्या, नदीशी भांडू नका, तिला जागा द्या. मला ते फार पटलं. जागा कोणाची द्यायची हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही आणि मीही विचारला नाही. प्रबंधाला विषय घेतला आमच्याच वस्तीचा. पंचगंगेच्या काठावर, गावाच्या खालच्या अंगाला त्रेचाळीस घरं, मध्ये विहार. गावाला नको होती म्हणून ती जागा आमच्या पणज्याला मिळाली होती. पूर आला की पहिलं पाणी आमच्याकडे, मग गावाकडे.

आता आमच्या रेघेबद्दल सांगायला हवं. पूर ओसरला की घराघराच्या भिंतीवर चिखलाचा डाग राहतो. तलाठी पंचनाम्याला यायच्या आत आबा रंगाचा डबा घेऊन फिरायचे आणि प्रत्येक भिंतीवर पाण्याची रेघ ओढायचे, खाली साल घालायचे. पण रेघ डागावर ओढायची नाही, डागाच्या हातभर वर. लबाडी म्हणा हवं तर. आबा म्हणायचे, "तलाठी डोळं झाकून हातभर कमी ल्हितोय. मग आपुन हातभर वर वडायची. फिट्टंफाट." तलाठ्यालाही हे ठाऊक असणार. इतकी वर्षं दोन्ही बाजूंनी सांभाळलेली रीत होती ती, आणि कागदावर येणारा आकडा बरोबर खरा निघायचा. पहिल्यांदा डबा धरायला आबांनी मला नेलं तेव्हा मी दुसरीत होते. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायला तोंड नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी टेप आणि टॅबलेट घेऊन आले. विहारात सगळ्यांना बसवलं, स्केचपेनं वाटली, तुम्हाला कशी वस्ती हवी ते काढा म्हटलं. लोक लाजले, हसले, मग काढायला लागले. कुणी उंच जोतं काढलं, कुणी जनावरांसाठी चढ. हौसाक्कानं आपल्या दाराबाहेर एक कट्टा काढला, त्यावर दोन बायका. "ही मी, ही तुझी आय," म्हणाली. माझ्या आराखड्याचा दुसरा भाग या चित्रांवर उभा होता. वस्ती आहे तिथेच ठेवायची, जोती उंच करायची, विहाराला वरचा मजला द्यायचा. त्या भागाची मला आजही लाज वाटत नाही.

लाज पहिल्या भागाची. त्यात पाण्याची मापं होती. त्रेचाळीस भिंतींवरच्या रेघा मी मोजल्या आणि टेपचं दुसरं टोक आबांनी धरलं होतं. तिसऱ्या-चौथ्या घराला ते म्हणाले, "ल्हिताना हातभर कमी कर गं. ती रेघ तलाठ्यासाठी हाय, तुझ्यासाठी न्हाय."

मी म्हणाले, "आबा, भिंतीवर दिसतंय तेच लिहायचं असतंय. आम्ही मनाचं काय घालत न्हाय."

त्यांनी टेपचं टोक पुढच्या रेघेला लावलं. शिकलेल्या पोरीपुढे ते बोलत नसत, हा त्यांचा दोष. माझा दोष मोठा आहे. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हातभर कमी केलं तर का केलं ते लिहावं लागेल, आणि आपली माणसं खोटी रेघ ओढतात असं परक्या भाषेत छापणं म्हणजे त्यांची अब्रू काढणं. ऐकायला किती छान! खरं कारण असं की वरच्या रेघेचा आकडा जास्त भयंकर होता. मारिकाबाईंनी तक्ता पाहून तोंडावर हात ठेवला. मला त्या वर्षी वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले.

पुढचं गणित साधं आहे. पुराच्या नकाशावर दोन रेषा असतात, निळी आणि लाल. निळीच्या आत कोणी राहायचं नाही. निळी आणि लाल यांच्या मध्ये जोतं उंच करून राहता येतं. सपाट नदीकाठाला उंचीत हातभराचा फरक पडला की जमिनीवर रेषा नदीपासून दीडदोनशे पावलं लांब सरकते. आमची सगळी वस्ती त्या दीडदोनशे पावलांत मावायची.

प्रबंध माझ्याकडे कोणी मागितला नव्हता. नदीकाठाच्या सुशोभीकरणाचं काम एका सल्लागार कंपनीला मिळालंय असं कळलं, तेव्हा मीच तो त्यांना पाठवला, वर चार ओळी आदर्शवादाच्या लिहून. आमच्या बाजूला कोणी कधी मापंच घेतली नव्हती, त्यामुळे माझीच चालली. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, फार उपयोगी पडेल म्हणून. मी ते उत्तर आईला वाचून दाखवलं. आईनं वस्तीत साखर वाटली.

नोटीस आली तेव्हा मला नेदरलँड्समध्येच नोकरी लागून दोन महिने झाले होते. वस्ती निळ्या रेषेच्या आत येत असल्यामुळे घरं हलवावीत, असा मजकूर. विहारात सगळे जमले. मोठ्यानं वाचायचं काम नेहमी आबांचंच. खाली संदर्भ म्हणून प्रबंधाचं आणि माझं नाव होतं. त्यांनी तेही वाचलं, आडनावासकट. हे मला त्यांनी नाही, आईनं सांगितलं आणि लगेच विचारलं, "जेवलीस काय?"

हरकत घ्यायला महिना होता. मी नोटिशीवरच्या पत्त्यावर मेल लिहिला. रेघा हातभर वर ओढलेल्या आहेत, मला ते माहीत होतं, माझे आकडे चुकीचे आहेत. तीन वाक्यं. ती पाठवली असती तर कदाचित काही झालं नसतं, कदाचित सगळं थांबलं असतं. माझी डिग्री मात्र नक्की गेली असती, आणि डिग्रीवरची नोकरी, नोकरीवरचा व्हिसा. वस्तीची बदनामी होईल, हे कारण मी पुन्हा बाहेर काढलं. एकदा उपयोगी पडलेलं कारण कोण टाकून देतं? महिना संपला. तो मेल अजून ड्राफ्टमध्ये आहे.

तीन वर्षांनी घरी गेले. घरी म्हणजे गावापासून लांब, माळावर. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली होती, म्हणून शेजार मोडला. नळ आहेत, पाणी नाही. टँकर येतो. पहिल्याच सकाळी आईबरोबर कळशी घेऊन गेले. आईचा नंबर पाचवा होता. तो आला तशी एक बाई पुढे सरकली, मग दुसरी. आईनं कळशी बाजूला घेतली. मीच म्हणाले, "अहो, आमचा नंबर हाय." हौसाक्का तिथेच होती. माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "थांब की जरा. तुझ्या पोरीला पाण्यातलं लई कळतंय. तिलाच इचार तुझा नंबर कितवा ते."

सगळ्या हसल्या. आईसुद्धा थोडी हसली, तेच मला सहन झालं नाही. आमची कळशी शेवटी भरली, अर्धीच. वाटेत आई म्हणाली, "रोजचंच हाय." तीन वर्षं फोनवर मला 'बरं हाय' ऐकवणारी हीच बाई.

दुपारी आबा म्हणाले, चल, माझं काम बघायला. रंगाचा डबा घेऊन एसटीनं जुन्या जागी गेलो. आता तिथे बाग आहे. हिरवळ, चालायची वाट, दिव्यांचे खांब. माझ्या आराखड्यातली माणसं काढून टाकली होती आणि कट्टे ठेवले होते. हौसाक्काच्या दारापुढचा कट्टा बरोबर तिच्या दाराच्या जागी होता, काळ्या दगडाचा, गुळगुळीत. त्यावर दोन बायका बसून सेल्फी काढत होत्या.

वाटेच्या टोकाला पुराची उंची दाखवणारा खांब उभा केला होता. जुन्या पुरांच्या रेघा आणि सालं रंगवायचं काम आबांना मिळालं होतं, कारण ती त्यांना पाठ होती. रंग ताजा होता. मी जवळ गेले. मोठ्या पुराची रेघ माझ्या छातीशी आली. आमच्या भिंतीवर ती माझ्या डोक्याला लागायची. शेजारची दुसरीही तशीच खाली, तिसरीही. सगळ्या हातभर खाली.

"आबा, ह्या खऱ्या हायत," मी म्हणाले.

"व्हय," ते ब्रश पुसत म्हणाले. "आता कशाला वर वडायच्या? आता हितं ऱ्हातंय कोण?"

मग ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. एखादी पाटी रंगवून झाल्यावर ती कुठे वाकडी गेली ते बघतात, तसे. मी म्हणाले, आबा, माझं चुकलं. ते म्हणाले, "तुला सांगितलं हुतं की," आणि डब्याचं झाकण लावलं.

चार दिवसांनी निघाले. पुन्हा तेच स्टँड, तीच पुण्याची गाडी. बॅगही तीच, चाक तुटलेली, पण आबांचा रंग टवका न उडता टिकलेला. आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं की यावर माळावरचा पत्ता घाला, जुन्यावरून ब्रश फिरवा. डबा कोपऱ्यात होता, ब्रश भिजत होता. पाच मिनिटांचं काम.

"न्हाय," आबा म्हणाले. "त्यो तसाच ऱ्हाऊंदे. तुला वाचायला."

घर कुठलं, असं आता मला तिकडे कोणी विचारलं तर मी कोल्हापूर म्हणते आणि विषय बदलते. पण विमानतळावर बॅग सरकत्या पट्ट्यावरून माझ्याकडे येते तेव्हा लांबूनच लाल अक्षरं दिसतात, आणि दर वेळी वाटतं की या खेपेला हिनं हरवावं, कुण्या प्रामाणिक माणसानं हिला पत्त्यावर पोचवावं. ती जाऊन हौसाक्काच्या कट्ट्याशेजारी हिरवळीवर पडेल. बागेचा वॉचमन ती उघडून बघेल, आणि इथे असं कोणी राहत नाही म्हणून परत पाठवेल. मी बॅग उचलते आणि कस्टममधून बाहेर पडते.