कुंदामावशीने ईराला बँकेत नेलं

नवरा गेला तेव्हा कुंदामावशीला बँकेतून पैसे कसे काढतात हे माहीत नव्हतं.

खातं दोघांच्या नावावर. खात्यात पैसे होते. पण ती कधी बँकेची पायरी चढली नव्हती.

हे तिनेच मला सांगितलेलं. मेथी निवडता निवडता.
"लाज नाय वाटली गं. राग आला. कोणी शिकवलंच नाय मला."

आज सकाळी कुंदामावशी गेली.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. मूळची नामपूरची. इथे सिडकोत आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. मूलबाळ नव्हतं.

बिल्डिंगमधलं पोर दहा वर्षांचं झालं की ती आईबापाच्या मागे लागायची. त्याचं खातं उघडा म्हणून.
"भरायला कोणीपण शिकवतं. काढायला मी शिकवते."

माझ्या लेकीला, ईराला स्केट्स हवे होते. वाढदिवसाचे पैसे तिच्या खात्यात होते. मावशी म्हणाली, "चल, तूच काढ."

ईराने स्लिप भरली. आकडा एक, अक्षरात भलतंच. कॅशियरने परत पाठवली.

मी पुढे झाले. मावशीने माझा दंड धरला.
"तू नको. चुकू दे तिला."

ईराने डोळे पुसत दुसरी स्लिप भरली. पैसे मिळाले. मग पासबुक बघून तोंड एवढंसं झालं.
"मावशी, खात्यातले कमी झाले!"
"मग? काढले की कमी होणारच माय. म्हणून आधी विचार करायचा."

ईरा तिथेच बाकावर बसून राहिली. बराच वेळ. स्केट्स घेतले, पण विचार करून घेतले.

गेल्या वर्षी मावशीचा हात थरथरायला लागला. सही जुळेना. मी आणि ईरा तिला घेऊन बँकेत गेलो.

साहेब माझ्याकडे बघून बोलत होते. "आजींना किती काढायचेत? त्यांना समजतं ना सगळं?"
मी उत्तर द्यायला लागले. मावशी खाली मान घालून उभी.

तेवढ्यात ईरा म्हणाली, "काका, त्यांनाच विचारा ना. खातं त्यांचं आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब उठून बाहेर आले, स्वतः खुर्ची ओढली.
"सॉरी आजी. बसा. बोला तुम्ही."

मावशीने मान वर केली. रक्कम स्वतः सांगितली. अंगठा का घ्यावा लागतो, तेही विचारून घेतलं. मगच दिला.

रिक्षात तिने ईराचा हात घट्ट धरून ठेवला होता.

आज तिला न्यायची तयारी चालली होती. ईरा तिच्या पायाशी बसलेली.
कोणीतरी म्हणालं, "लहान पोरीला आत न्या."

मी म्हटलं, "राहू दे तिला. तिचं तिला कळतं."

मावशी, नीट जा गं.
आम्हा सगळ्यांचा नमस्कार.