ठोक्यासाठी सोडलेली जागा

त्याचं आडनाव काही खुडबुडे नव्हतं. पण तो कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करायचा आणि तिथल्या बायकांनी ते त्याला बहाल केलं होतं. त्यानेही ते बिनतक्रार घेतलं. बिघडलेलं मशीन उघडण्याआधी तो डोळे मिटून त्याचा आवाज ऐके आणि म्हणे, "पट्टा सैल झालाय." बहुतेक वेळा पट्टाच सैल असे. हाच कान तो घरी गिटारला लावायचा. ब्लूजचं रडणं, फंकचा ठेका आणि फ्री जॅझचा मोकाट कारभार, सगळं एकाच वाजवण्यात कोंबायचा. शेजारी म्हणत, "चालू द्या, पण खिडकी लावून."

हे वाजवणं कळणारा अख्ख्या जगात एकच प्राणी होता, त्याचा ड्रमवाला दोस्त ठोक्या. तीस वर्षांची जोडी. बोलणं कमी, भांडण जास्त. पण गिटार जरा थांबली की ठोक्या नेमका तिथेच ठोका टाकून मोकळा. गेल्या वर्षी तो बसल्या जागी गेला. मग बरेच महिने गिटारवर धूळ साचली. शेवटी खुडबुडेने ठरवलं, वाचनालयाच्या सभागृहात एकदा एकट्याने वाजवून बघायचं. जमलं तर ठीक, नाही तर गिटार कायमची कपाटावर.

रविवारी दुपारी नऊ माणसं आली. त्यातली दोघं पंख्याखाली बसायला. पहिल्या रांगेत त्याची थोरली बहीण, मांडीवर पिशवी धरून. तिने पंधरा मिनिटं कळ काढली. मग तिला राहवेना.

"अरे, तारा जुळवून झाल्या असतील तर कर की आता सुरू!"

सगळे हसले. त्याचे कान लाल झाले, पण तोही हसला आणि शेवटपर्यंत वाजवत राहिला. टाळ्याही पडल्या. जमलं बुवा आपल्याला एकट्याने, असं त्याला वाटलं.

घरी जाताना ताईने विषय काढला तो दुसऱ्या चौकात. तिच्या मानाने हा उशीरच झाला.

"रागावलास का रे? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"नाही गं."

"पण मधेमधे थांबत होतास, ते कोणासाठी?"

"कोणासाठी कशाला? ते तसंच असतं."

"असेल बाबा. हे गेले तेव्हा मीही वर्षभर तशीच बोलायचे. अर्धं बोलून थांबायचं. ह्यांनी 'हं' म्हणावं म्हणून."

त्याने गिटारची पेटी या हातातून त्या हातात घेतली. भर रस्त्यात त्याला एकदम फार एकटं वाटलं.

"एकट्याने नाही जमलं गं, ताई," तो म्हणाला आणि थांबला.

"हं," ताई म्हणाली.