पारोशी गोळी

निरोगी माणसाचं अंग त्याच्या आधी उठतं, हे मला आईच्या आजारपणात कळलं. दोन किडन्यांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. आपण झोपेत असताना, उजाडायच्या आधीच त्या रक्तात एक हार्मोन सोडू लागतात. जाग आल्यावर थोड्या वेळात ते सगळ्यात जास्त असतं, मग दिवसभर उतरत जातं. ताण सोसायचं बळ त्याचंच, आणि नुसतं अंथरुणातून उठायचंसुद्धा. आईच्या ग्रंथींनी हे काम सोडून दिलं होतं. तिची सकाळ गोळीतून यायची.

"आधी गोळी, मग पाय जमिनीवर," डॉक्टरांनी बजावलं होतं. "नाहीतर जिवावर बेतेल."

त्यांचं सांगायला काय जातंय! आईने जन्मात आंघोळीआधी काही तोंडात घातलं नव्हतं.

"पारोशी मी काही घेणार नाही. आंघोळ करून, देवाला हात जोडून घेते. गोळी काय पळून चाललीय?"

"गोळी नाही, तू पडशील."

"पडले तर उचल."

आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत यावरून महिनाभर धुसफूस चालली. शेवटी तह झाला. मी अंधारात उठायचं, पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन तिच्या कॉटशी बसायचं. तिने पडल्या पडल्या देवाचं नाव घ्यायचं, मग गोळी. थोड्या वेळाने अंगात जीव आला की ती उठायची आणि माझ्या चहाला नावं ठेवायची. तिने नावं ठेवली की मला बरं वाटे. गोळी लागू पडली, एवढाच त्याचा अर्थ होता.

असं बरीच वर्षं निभावलं. मग बाबांच्या श्राद्धाचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी तिला ताप चढला होता, हे मला नंतर दवाखान्यात कळलं. तापात गोळी दुप्पट घ्यायची हे तिला पाठ होतं, तरी तिने तो लपवला. ताप कळला असता तर मी तिला स्वयंपाकाला हात लावू दिला नसता. पहाटे मी गोळी दिली, तर म्हणाली, "ठेव उशाशी, घेते." खडकवासला धरण काठोकाठ भरलेलं असो नाहीतर आटलेलं, आमच्याकडे नळ तेव्हाच येतो. मी बाहेर पाणी भरायला गेले. मोरीत बादली आपटल्याचा आवाज आला, तेव्हा तिची आंघोळ उरकली होती आणि ती खाली पडली होती. गोळी उशाशी तशीच होती. बाबांच्या श्राद्धाला तरी पारोशी गोळी नको, असं तिने ठरवलं असणार.

दवाखान्यात सगळं केलं. ती परत आली नाही. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "न्हाऊनमाखून गेली, भाग्याची." मला त्यांना दार दाखवावंसं वाटलं. आईचा तर इतका राग आला होता की रडूही येईना.

पुढे त्याच डॉक्टरांनी विचारलं, निरोगी माणसांच्या या हार्मोनचा दिवसभराचा चढउतार तपासतोय, तुम्ही लाळेचे नमुने द्याल का? दिले. पहिला नमुना उठल्या उठल्या, चूळही न भरता. पारोशा तोंडाने लाळ टिपायचा कापूस चघळताना आईची आठी डोळ्यांसमोर आली. निकाल सांगताना डॉक्टर खुशीत होते. "अगदी असायला हवं तसं आहे. पहाटे छान चढतंय."

चढतंय खरं, पण आता कुणासाठी, ते त्यांना कसं विचारणार!

परवा आईचं श्राद्ध होतं. गजराच्या आधीच जाग आली, रोज येते तशी. मी पेला भरला आणि सवयीने तिच्या कॉटशी जाऊन बसले. उजाडेपर्यंत तिथेच होते. मग पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. स्वयंपाकघरात जाऊन चहा केला आणि तिच्याच श्राद्धाच्या दिवशी, आंघोळ न करता, उभ्या उभ्या प्यायले. चहा पाणचट झाला होता. मी कितीतरी वेळ कप हातात धरून थांबले, पण मला कुणीच काही बोललं नाही.