मागे उभा राहणारा

आमचे हे सामान हलवायच्या कामावर. कपाट असो, फ्रिज असो, जिना कितीही अरुंद असो, भिंतीला ओरखडा म्हणून नाही. म्हणूनच पास्टरांनी त्यांना झेलायला उभं केलं. दुकानावरच्या हॉलमध्ये आमची उपासना. पास्टर कपाळावर हात ठेवायचे, माणूस मागे कोसळायचा आणि हे त्याला अलगद फरशीवर निजवायचे. बाईमाणूस असलं तर पायांवर चादर. मग ते आपणहून उठेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आत्मा काम करतोय म्हणून. या नेमाला हे इतके पक्के की विचारू नका!

"निम्मे जण स्वतःच टेकतात गं," घरी हसून सांगायचे. "मान सांभाळून पडतात बरोबर." तरी विश्वासाला धक्का नाही.

माझी नणंद, यांची एकुलती धाकटी बहीण, आमच्याकडेच राहायची. लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. एका रविवारी तिने इंजेक्शनचा डबा पास्टरांच्या हातात दिला आणि माइकवर म्हणाली, "मी बरी झाले." काय त्या टाळ्या! यांचे तर डोळे भरून आले.

झालं. चारचौघांत बरी झालेल्या बाईने घरी सुई कुठल्या तोंडाने टोचून घ्यायची? पाणी पिऊन पिऊन तहान भागेना, बसल्या जागी धाप लागायला लागली. मी नवीन इंजेक्शनं आणून तिच्या हातापाया पडले. "वहिनी, माझी साक्ष खोटी पाडू नकोस ना," म्हणाली. यांना सांगितलं तर म्हणे, "तू शंका घेऊ नकोस, त्यानेच बिघडतं." डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला! दादाने नुसतं 'घे' म्हटलं असतं तर तिने टोचून घेतलं असतं. मला ठाऊक होतं, यांनाही.

बुधवारच्या प्रार्थनेला तिला धरूनच न्यावं लागलं. दवाखान्यात चला म्हणून मी वाटभर भांडले. कोण ऐकतंय! पास्टरांचा हात कपाळाला लागायच्या आतच ती पडली. यांनी झेलली, आणि यांचा चेहरा पांढराफटक झाला. त्यांनी पास्टरांकडे पाहिलं. पास्टरांनी गाणं न थांबवता तळहात दाखवला, हात लावू नका. यांनी तिला फरशीवर निजवलं, चादर नीट केली आणि मागे सरकून उभे राहिले. मी खुर्च्या लाथाडत पुढे आले तर यांनी मलाच अडवलं. "उठेल ती," म्हणाले. "उठतात सगळे."

ती उठली नाही. शेवटी मीच आरडाओरडा करून तिला दवाखान्यात हलवलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

पास्टर भेटायला आले. "ऐनवेळी तिचा विश्वास डळमळला असावा," म्हणाले. मी दाराकडे बोट दाखवलं.

आता हे हॉलकडे फिरकत नाहीत. पण मी ओट्याशी उभी राहिले की गुपचूप माझ्या पाठीमागे येऊन उभे राहतात, दोन्ही हात पुढे करून. अंगावर काटा येतो माझ्या. परवा वळून म्हटलंच, "अहो, मी नाही पडत."

"तिची मान लुळीच पडली होती गं माझ्या हातात," ते म्हणाले. "मला तेव्हाच कळलं." हात तसेच पुढे. "आणि मी तिला खाली ठेवलं."