शाळेला जागा कुणी दिली

आमच्या गावची शाळा निजामाच्या राजवटीत निघाली. यंदा तिची शताब्दी करायचं ठरलं आणि स्मरणिकेत शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं. आमच्या घरातला मी पहिला बी.ए., तोही मराठी घेऊन. हे मी मिरवतो. मिरवायला दुसरं काही वडिलोपार्जित नाही.

माहिती काढायला निघालो तर प्रत्येक मोठ्या घरात चहा आणि एकच वाक्य. "शाळेला जागा आमच्या आज्यानं दिली." सगळ्यांची जागा खरी धरली तर शाळेचं पटांगण पाथरीच्या स्टँडला जाऊन टेकतं.

घरी येऊन बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "माझ्या बापाला बी जागा दिली व्हती की. दाराभाईर, चपलाजवळ."

आज्यानं त्या शाळेच्या भिंतींची माती तुडवली होती. भिंती उभ्या राहिल्यावर त्याला आत घेतलं नाही. बाहेरून ऐकून ऐकून तो बाराखडी शिकला.

"एवढं छापून आलं पायजे," बाप म्हणाला. "बाकी काय बी लिही."

मी लिहिलं : 'आमच्या वस्तीतल्या पोरांना शाळेबाहेर बसवत.'

सरपंच वाचून म्हणाले, "बी.ए. सायेब, चांगल्या कार्यक्रमात असलं कशाला? पाव्हणे येनार हायेत."

"मग दुसऱ्याकडून लिहून घ्या."

दुसरा लिहिणारा पुण्यात होता आणि फोन उचलत नव्हता. वाक्य राहिलं.

कार्यक्रमाच्या सकाळी गठ्ठे आले. उघडून बघतो तर : 'आमच्या वस्तीतली पोरं शाळेबाहेर बसत.' म्हणजे आत उकडायचं म्हणून आजा वाऱ्याला बसला होता.

"छापखान्याची चूक," सरपंच म्हणाले.

'बसवत'मधला 'व' गळाला, हे एक वेळ समजलं असतं. पण त्यासाठी 'पोरांना'ची 'पोरं' करायची एवढं व्याकरण छापखान्याला येतं, हे मला नवीन होतं.

मी फाटकातच टेबल टाकून बसलो. लाल पेनानं दुरुस्ती करायची, मगच प्रत हातात द्यायची.

"काय करायलाव हे?" सरपंचांनी विचारलं.

"शुद्धलेखन."

पाव्हण्यांना वाटलं, लेखक सह्या द्यायलाय. रांग लागली. बाप शेजारी उभा राहून गठ्ठ्यांच्या सुतळ्या सोडत होता. "घाई करू नको," म्हणाला. "एक बी सुटाय नको."