सत्तावीस वर्षांची कुमारिका

मंगळवार पेठेत बसाप्पा तेलवाल्याच्या दारात पांढरी जीप थांबली आणि अर्ध्या तासात गल्लीनं दानेश्वरीला सरकारी नोकरी लावून टाकली. शेजारच्या अंबूबाईनं तर कचेरीतली खुर्चीसुद्धा ठरवली, फार उंच नको, पोरीचे पाय टेकायला हवेत म्हणून, आणि पोरीच्या आईकडं, रत्नव्वाकडं, पेढे मागायला तीच पहिली पोचली. खरं एवढंच, की जीप पुण्याच्या एका संस्थेची होती. अपंग मुलं अठरा वर्षांची झाली, शाळा सुटली, की पुढं त्यांचं काय होतं, याची पाहणी चालली होती. साल दोन हजार तीन. दानेश्वरीची शाळा सुटून नऊ वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात हे विचारायला कुणी दारात आलं नव्हतं. अंबूबाई पेढ्यांवाचून परतली.

दानेश्वरी बसाप्पाची थोरली. जन्मली तेव्हा रडली नाही, पुढं डावा हात मनगटात वळला, चालणं हेलकावे खात, आणि शब्द जिभेवरून उतरायला वेळ लावणारे. डोक्यात काही कमी नव्हतं. ऐकणाऱ्याला थांबायला सवड नव्हती. म्हणून गल्लीनं तिला पोर ठरवलं आणि पोरच ठेवलं. कळंब्याच्या वाटेवर अशा मुलांची एक शाळा होती, तिथं ती अठरापर्यंत गेली. वाढदिवसाला बाईंनी केक कापला, टाळ्या वाजवल्या आणि उद्यापासून येऊ नको म्हणाल्या. नियमच तसा. मग ती खिडकीत बसली, विसाव्या वर्षीही परकर-पोलक्यात, कारण रत्नव्वाला ते घालायला सोपं.

डंकावर ती पोचली धाकट्या बहिणीमुळं. सुष्मिताला बघायला पावणं येणार, थोरली नजरेला पडायला नको, म्हणून रत्नव्वानं तिला दोन घरं पलीकडं चिमणाबाईच्या चटणी कांडायच्या डंकावर नेऊन बसवलं. पावण्यांचे पोहे उरकेपर्यंत. तिथं बायका मिरच्यांची देठं काढत होत्या. दानेश्वरीनं एक मिरची उचलली, वळलेल्या हाताच्या बोटांत अडकवली आणि उजव्या हातानं देठ मोडलं. मग दुसरी उचलली. संध्याकाळी सुष्मिताचं ठरलं, आणि एका अर्थी दानेश्वरीचंही.

त्यानंतर दर वर्षी होळीपासून वळीव येईपर्यंत ती डंकावर. हातांची आग व्हायची. ओठातून लाळ ओघळली तर पुसायला मिरचीचा हात चालत नाही, म्हणून ती खांद्याला तोंड घासायची. पोलक्याचा उजवा खांदा कायम ओला. शनिवारी बायकांना मजुरी मिळायची, हिला बिस्किटं. एकदा तिनंही हात पुढं केला. चिमणाबाईनं त्यावर लिमलेटची गोळी ठेवली आणि म्हणाली, तुला गं काय करायचेत पैसे, बाळा, अप्पा हाईत की तुझं. बायका हसल्या. दानेश्वरीनं गोळी खाल्ली नाही, पण परतही दिली नाही.

चिमणाबाईची माया खोटी नव्हती, हीच पंचाईत. नवरात्रात ती नऊ कुमारिकांना जेवायला घालायची. फ्रॉक घातलेल्या पाच-सात वर्षांच्या चिमुरड्या पाटांवर, आणि शेवटी दानेश्वरी, गुडघे मुडपत नाहीत म्हणून स्टुलावर. पाय धुवायचे, कुंकू लावायचं, खीर-पुरी वाढायची, जाताना हातात लाल रिबन द्यायची. पोरी मोठ्या झाल्या की रांगेतून उठत; नव्या येत. दानेश्वरी आपली स्टुलावरच.

तर त्या दिवशी जीपमधली तरुण बाई आत आली आणि सगळे प्रश्न तिनं रत्नव्वाला विचारले. मुलगी काय करते? रत्नव्वा म्हणाली, काय न्हाय, बसून असत्या. दानेश्वरीनं हट्टानं रत्नव्वाचं इरकल लुगडं नेसलं होतं, निऱ्या पोटाशी गोळा झालेल्या. तिनं शब्द जमवले.

“मी काम करतोय. डंकावर.”

बाईचं पेन थांबलं. मग तिनं पहिल्यांदाच दानेश्वरीकडं तोंड करून सांगितलं, की गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात पाकिटं भरायला अशी काही माणसं घेणार आहेत. न्यायला-आणायला गाडी, महिन्याला पगार. फक्त कामाची सवय हवी, आणि जिथं काम केलं तिथल्या मालकानं तसं सांगायला हवं. पगार हा शब्द तिला उद्देशून आजवर कुणी वापरला नव्हता. इरकलाचा पदर मुठीत धरून ती बाईच्या पुढं डंकाकडं चालायला लागली.

चिमणाबाईनं शहरी बाई पाहिली, हातातले कागद पाहिले, मागं उभी जीप पाहिली. त्या दिवसांत बालकामगार शोधायला हॉटेलांवर धाडी पडत होत्या, आणि दानेश्वरी म्हणजे पोर, हे तर तिच्या मनात पक्कंच. ही तुमच्याकडं काम करते का, असं बाईनं विचारताच तिला घाम फुटला.

“मी पोराबाळांस्नी कामाला लावत न्हाय, बाई. अंबाबाईची आण. येत्या, बसत्या, येळ जातोय तिचा.”

“अहो, सत्तावीस वर्षांची आहे ती.”

“असंल की. आमाला पोरच.”

दारात उभ्या दानेश्वरीच्या तोंडात शब्द गोळा होईपर्यंत बाईनं कागद आवरले होते. तिला अजून बरीच घरं करायची होती.

जीप कशासाठी आली होती हे कळल्यावर चिमणाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. आधी सांगायचं न्हाय व्हय, म्हणाली. पण पुण्याला जाऊन आपलं बोलणं फिरवायचं, तर इतक्या उन्हाळ्यांत पोरीला काय दिलं असं कुणी विचारलं तर? ती गप्प बसली. महिन्याभरात कारखान्याची गाडी पेठेतून जायला लागली. दानेश्वरी तिला खिडकीतून बघायची.

नवरात्रात अष्टमीला चिमणाबाईचं बोलावणं आलं. रत्नव्वानं दानेश्वरीला ओढतच नेलं. आपल्यामागं पोरीला एक दार तरी उघडं असावं, एवढंच तिला हवं होतं. ते दार त्याच दिवशी बंद झालं. पुढच्या होळीला डंकावरून निरोप आला नाही. रत्नव्वा दोनदा गयावया करून आली. बसाप्पा पुढच्या पावसाळ्यात गेला, तेलाचं दुकान जावयानं विकलं, आणि दानेश्वरी खिडकीतच राहिली. तोंड आवरलं असतं तर बरं झालं असतं, असं गल्ली अजून म्हणते. तिनं खिरीचं ताट भिरकावलं असं अंबूबाई सांगते, त्यात मात्र तथ्य नाही. खीर वाढायची वेळच आली नव्हती.

त्या अष्टमीला चिमणाबाईनं पायांवर तांब्या ओतला आणि दानेश्वरीनं पाय मागं घेतले. देवी रुसली वाटतं, असं म्हणत चिमणाबाई हसली. दानेश्वरीच्या शब्दांना नेहमीसारखा वेळ लागला, पण ओल्या पायांपुढं बसलेल्या चिमणाबाईला उठून जाता येईना, आणि सगळं वाक्य ऐकावं लागलं.

“देवीची मजुरी बुडवत्यात व्हय, काकी?”